डिकीतली वाळू

रुद्राणीनं बर्फ कधी पाहिला नव्हता. पण बर्फात गाडी कशी चालवायची हे तिला अख्ख्या धारूरात कुणाला नसेल इतकं ठाऊक होतं.

तिचा नवरा गुरुपाद हिमाचलात एका बोगद्याच्या कामावर ड्रायव्हर होता. धारूरच्या बाजारात त्यांचं किराणा दुकान होतं, दुकानावर थोरला भाऊ राजेश्वर बसायचा. एका गल्ल्यावर दोन भाऊ मावत नाहीत हे गुरुपादला लवकर कळलं आणि तो उत्तरेला निघून गेला. दिवाळी सरली की तिकडं बर्फ सुरू व्हायचा. दिवेलागणीला रुद्राणी भाकरी थापायला बसायची, फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला असायचा, आणि पलीकडून गुरुपाद बर्फ सांगायचा. बाकीच्या बायकांचे नवरे फोनवर काय सांगत असतील देव जाणे.

“आज पुन्हा गाडीचं बूड सरकलं, रुद्रे.”

“मग वो?”

“मग काय. जिकडं बूड पळतंय तिकडंच स्टेअरिंग वळवायचं. ब्रेकला पाय लावायचा न्हाई. घाबरून ब्रेक मारला की गेलं खड्ड्यात.”

“हे तर उलटंच की समदं.”

“बर्फात समदं उलटंच असतंय बघ.”

त्याच्या ताब्यातली गाडी मुळात त्या पहाडाची नव्हतीच. कंपनीच्या मोठ्या साहेबाला हौस, म्हणून त्यानं ती दिल्लीहून आणवली होती. लांबलचक, काळी, बसकी, परदेशी. इंजिनात जोर असा की अंगठा टेकवला तरी पाठ सीटला चिकटावी, आणि तो सगळा जोर मागच्या दोन चाकांना. गुरुपाद म्हणायचा, कोरड्या रस्त्यावर राणी, बर्फावर दारू प्यालेली म्हैस. चार हिवाळे त्यानं त्या म्हशीबरोबर काढले. मग साहेबाची बदली झाली, गाडी कुणालाच नको झाली, आणि साहेबानं ती पडत्या भावात गुरुपादच्या गळ्यात घातली. सुट्टी टाकून त्यानं ती थेट धारूरला आणली. प्रत्येक गतिरोधकावर पोट घासत ती गल्लीत शिरली तेव्हा दुकानातलं गिऱ्हाईक उठून बाहेर आलं.

“बर्फातली गाडी,” राजेश्वर म्हणाला. “हितं उन्हात तिचं काय लोणचं घालायचं?”

प्रवासानं मोडलेला गुरुपाद आत जाऊन झोपला. रुद्राणीनं गाडी धुवायला काढली. डिकी उघडली तर आत वाळूची पोती. दमट, जड, सुतळीनं तोंडं शिवलेली. रस्ता निसरडा झाला की चाकाखाली टाकायला ठेवली असतील, असं तिनं मनाशी ठरवलं. विळ्यानं सुतळी कापली आणि वाळू परसातल्या बेलाच्या बुडाशी ओतून टाकली. त्याला विचारायचं तिच्या लक्षातून गेलं ते गेलंच.

त्याच सुट्टीत किल्ल्याच्या खालच्या माळावर तो तिला गाडी शिकवायला लागला. सुट्टी संपली, शिकणं अर्धं राहिलं. उरलेलं तिनं फोनवर पुरं केलं. पाऊस पडून गेला की ती गाडी माळावरच्या चिखलात घालायची, मुद्दाम बूड सरकवायची आणि संध्याकाळी त्याला सांगायची. “पाय कसा टाकतीस?” तो विचारायचा. “उतू चाललेलं दुधाचं पातेलं उतरवताना हात टाकतीस तसा टाक. हलका. पर घाबरून न्हाई.” लायसन्स निघालं तेव्हा घरातल्या बायकांनी हसून घेतलं.

गाडीत बसली की ती कुणाची भावजय नसायची. काचा वर केल्या की आत एक शांतता भरायची, आणि त्या शांततेत दूर राहणारा तो माणूस शेजारी येऊन बसल्यासारखा वाटायचा. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते नव्हतंच.

राजेश्वर व्यापारी. उभी गाडी त्याला बघवेना. नवरदेवांना अशी गाडी आवडते हे हेरून तो ती लग्नाला द्यायला लागला. पण भाड्यानं बोलावलेले ड्रायव्हर तिच्यावर टिकत नव्हते. एकानं वळणावर ऐट मारायला पाय दाबला, गाडी गर्रकन फिरून उसाच्या ट्रॉलीपुढं उभी राहिली. त्यानं किल्ली दुकानात आणून टाकली. “ही गाडी न्हाई शेठ, भानामती हाय.”

तेव्हा रुद्राणी म्हणाली, “मी जाते.”

राजेश्वर भावजयीशी बोलताना तराजूकडं बघून बोलायचा. आताही तिकडंच बघत त्यानं अट घातली.

“घाटाखालून नवरदेव आणायचा हाय. लग्न हितंच, दुपारचं. एकदा जाऊन बघ. गाडीला एक ओरखडा न्हाई आला, तर पुढली लग्नं तुझी. आला, तर गाडी इकायची. अंबाजोगाईचं गिऱ्हाईक कवाच तयार हाय.”

ती विकली गेली तर काय जाईल हे राजेश्वरला कळणार नव्हतं. दिवेलागणीचा फोन येतच राहिला असता. पण त्यात मग ‘जेवलात का’ आणि ‘तब्येत कशी हाय’ एवढंच उरलं असतं.

माघ सरत आला होता. सकाळी ती घाट उतरून गेली तेव्हा ऊन पडलं होतं आणि हवा विचित्र गार होती. नवरदेव रविराज, सावळा, हसरा, फेट्याला दर दोन मिनिटांनी हात लावणारा. बरोबर त्याची बहीण करवली, आणि मामा, बंकट. बंकटमामानं गाडीला एक चक्कर मारली, मग रुद्राणीकडं पाहिलं.

“डायवर कुठाय?”

“मीच हाय.”

“अगं माय,” मामा करवलीला म्हणाला, “नारळ एक जास्तीचा घे. घाटात फोडू.”

कपड्यांची लोखंडी ट्रंक, मिठाईचे डबे डिकीत गेले. मामा पुढं बसला. वऱ्हाडाच्या जीपा मागून येणार होत्या. आभाळ माजलगावच्या अंगाला काळंनिळं झालं होतं. रुद्राणीला ते आवडलं नाही, पण मुहूर्त कुणाच्या आवडीवर थांबत नाही.

घाटाच्या पायथ्याशी पहिली गार पडली. बॉनेटवर टण्ण आवाज झाला. मग दुसरी. मग आभाळच खाली आलं. लिंबाएवढ्या गारा. तिनं गाडी एका चिंचेखाली घेतली, पण चिंचेची पानं ती काय, गारा त्यातून सरळ खाली येत होत्या. करवली कान झाकून बसली. मामा देवाचं नाव घ्यायला लागला. रुद्राणी मात्र बॉनेटकडं बघत होती. प्रत्येक ठोक्यासरशी काळ्या पत्र्यावर एक खळगा उठत होता. एक ओरखडा, राजेश्वर म्हणाला होता. इथं आभाळ हातोडी घेऊन बसलं होतं.

“ताई, रडू नका,” मागून रविराज म्हणाला.

“रडत न्हाई. बघतीय.”

गारा थांबल्या तेव्हा घाट पांढरा झाला होता. रस्ता, कठडे, घायपाताची बेटं, सगळं पांढरं. रुद्राणीनं काच खाली केली. गारवा आत आला. हे तर आपल्याला ठाऊक आहे, असं तिला वाटलं. न पाहिलेलं गाव स्वप्नात ओळखीचं निघावं तसं.

“कश्मीर झालं बे!” मामा खाली उतरून ओरडला. नवरदेवानं फेटा सांभाळत फोटो काढून घेतला.

तेवढ्यात चिंचेमागच्या मोरीखालून एक बाई वर आली. डोक्यावर घोंगड्याची खोळ, कपाळावर रक्ताची वाळती धार, कडेवर ओलं कोकरू. धनगराची बायडाबाई. तिचा नवरा आप्पाराव मोठा कळप घेऊन पहाटेच वर धारूरच्या माळाला गेला होता. लंगड्या, गाभण्या, नुकत्या व्यालेल्या मेंढ्या घेऊन ती मागून सावकाश निघाली होती, आणि घाटातच गारांनी गाठलं. तिच्यामागून मोरीतून मेंढ्या थरथरत बाहेर येत होत्या.

“ये बाय, वाईच ऐकती का? कोकरं गारठल्यात. वर सोडती का गाडीतून? वर शेकोटी असंल. हितं बसले तर मरत्यात.”

“नवरदेवाच्या गाडीत मेंढरं?” मामा म्हणाला. “शुद्धीत हायस का?”

बायडाबाईनं त्याच्याकडं बघितलंही नाही. ती रुद्राणीकडं बघत होती. रुद्राणीच्या डोळ्यांपुढं सीटवरचं नवंकोरं पांढरं कापड आलं, राजेश्वरचा तराजू आला.

“न्हाई जमणार, माय,” ती म्हणाली. “परक्याची भाड्याची वर्दी हाय.”

बायडाबाई पदरानं कोकराचं तोंड पुसत मोरीकडं परतली.

रुद्राणीनं गाडी काढली. दुसऱ्या गिअरमध्ये, पाय हलका. पहिला चढ गाडीनं घेतला. पहिलं वळण आलं आणि बूड डावीकडं निघालं. तिचे हात आपोआप डावीकडं गेले, गाडी सरळ झाली. तिच्या पोटात आनंद चमकून गेला. पण वळणापुढं चढ उभा होता. मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, गारांचा चुरा उडाला, गाडी हटेना.

मामानं मुरूम आणून चाकाखाली टाकला. गाडी वीतभर पुढं गेली आणि पुन्हा फिरायला लागली.

“उतरा बे समदे!” मामानं हुकूम सोडला. “गाडी हलकी करा. ट्रंक काढा, डबे काढा. चिखलात बैलगाडी रुतली तर काय करतो आपण? ओझं उतरवतो.”

खरंच होतं ते. रुद्राणीचा बाप कोळवाडीच्या काळ्या रानात असंच करायचा. गाडी रुतली की आधी पोती उतरवायची, मग चाकाला खांदा. आणि मागं ओझं राहिलं तर उलाळ होते, धुरा आभाळात जाते, बैलांना फास बसतो. हे तिनं बोलता येण्याआधी पाहिलेलं. तिनं स्वतः खाली उतरून डिकी रिकामी करायला हात लावला. नवरदेव उतरला, करवली उतरली. ट्रंक रस्त्याच्या कडेला गारांत गेली.

ती पुन्हा बसली. पाय टेकवला. आणि गाडी पुढं जायच्या ऐवजी मागं निघाली. मागची चाकं फिरत होती पुढं, गाडी घसरत होती मागं, आणि बूड वळत वळत दरीच्या कठड्याकडं चाललेलं. करवली किंचाळली. “ब्रेक मारा, ब्रेक!” मामा ओरडला. रुद्राणीनं पाय काढून घेतला. काहीच दाबलं नाही. स्टेअरिंग तेवढं फिरवलं. मागच्या चाकांमागं गारांचा ढीग साठत गेला आणि कठड्यापासून हातभर अंतरावर गाडी थांबली.

खाली दरीत गारा वितळल्याचा बारीक आवाज येत होता.

रुद्राणी हात मांडीवर ठेवून बसून राहिली. फोनला रेंज नव्हती. असती तरी गुरुपाद या वेळी बोगद्यात. ती वाळूचा विचार करत होती. आत्ता डिकीत असती तर चाकाखाली टाकता आली असती. तिनं ती विळ्यानं पोती उघडून बेलाला घातली होती. बेल मात्र तरारला.

विळ्यानं. तिथं तिचं मन अडकलं. सुतळी तिला कापावी लागली होती. सुतळी जुनी होती, काळी पडलेली, गाठी कुजून पोत्याला चिकटलेल्या. चार हिवाळे ती पोती डिकीत होती आणि एकदाही कुणी तोंड उघडलं नव्हतं. वाळू चाकाखाली टाकायला असती तर एक तरी पोतं फोडलेलं असतं. ती टाकायला नव्हतीच. ती नुसती असायला होती.

जोर मागच्या चाकांत, इंजिनाचं वजन पुढं. बर्फात समदं उलटंच असतंय.

“मामा,” ती खाली उतरत म्हणाली, “ट्रंक परत घाला. समदे मागं बसा. आपली गाडी जड पायजे, हलकी न्हाई.”

“येडी का खुळी गं तू? मागं ओझं घातलं की उलाळती गाडी.”

“बैलगाडी उलाळती. हिचे बैल मागं हायत.”

रविराज हसायला लागला. “मामा, बसा गुमान. बैल मागं हायत म्हणत्यात त्या.”

ट्रंक आणि माणसं पुरणार नव्हती हे तिला दिसत होतं. मामानं कडेचे दगड गोळा करायला सुरुवात केली होती. दगड घालता आले असते. पण दगडांना वर जायची गरज नव्हती. रुद्राणी पदर खोचून उताराला लागली. पाय घसरत होते. मोरीपाशी पोचली तेव्हा बायडाबाई कोकराच्या छातीला छाती लावून बसली होती.

“चल माय. आण समद्या.”

“कावून? मघा तर न्हाई म्हणलीस.”

“मघा मला अक्कल नव्हती. तुझी मेंढरं मला लागत्यात, माझी गाडी तुला लागती.”

बायडाबाईनं तिच्याकडं नीट बघून घेतलं. मग जीभ टाळूला लावून एक आवाज काढला, आणि लंगडत, धडपडत मेंढ्या तिच्यामागं निघाल्या.

डिकीत ट्रंकेच्या बाजूला मेंढ्या दाटीवाटीनं उभ्या केल्या. डिकीचं झाकण अर्धवट उघडं ठेवून नवरदेवाच्या शेल्यानं बांधलं. मागच्या सीटवर बायडाबाई, करवली, नवरदेव, त्यांच्या पायांत दोन गाभण्या, मांडीवर कोकरं. मामाला पुढं जागा होती, पण रुद्राणीनं त्यालाही मागं कोंबला.

“नवरदेवा,” बायडाबाई म्हणाली, “ते कोकरू नीट धर. मुतलं तर शुभ असतंय.”

“खरंच का?”

“मला काय ठावं. आमाला रोजच असतंय.”

रुद्राणीनं दुसरा गिअर टाकला. दुधाचं पातेलं. पाय हलका, पण घाबरून नाही. मागची चाकं क्षणभर फिरली, मग बुडावरचं सगळं ओझं, लोकर, लोखंड, माणसं, कोकरं, त्यांच्यावर बसलं आणि चाकांनी खालचा रस्ता पकडला. गाडी चढली. सावकाश, म्हैस पाण्यातून वर येते तशी. वळणावर बूड सरकायचं, पण आता त्या सरकण्यात भार होता. ते ती सांगेल तिथवरच जायचं. पाठीमागं मेंढ्या एकसुरात ओरडत होत्या. आपल्याला जड करणारी माणसं आपल्याला रस्त्यावर धरून ठेवतात, असं काहीसं तिच्या मनात येऊन गेलं. पण पुढचं वळण आलं आणि विचार तिथंच राहिला.

घाटमाथ्यावर गारा विरळ झाल्या. धारूरात तर नुसता शिडकावा झाला होता. मंडपापुढं बँडवाले थांबले होते, मुहूर्त टळायला आला होता, आणि वऱ्हाडाच्या जीपा अजून पायथ्याशीच अडकल्या आहेत असा निरोप फोनवर येऊन मुलीकडची मंडळी गळून गेली होती. अशात ती काळी गाडी आली. बँड सुरू झाला. मागचं दार उघडलं आणि आधी एक गाभणी मेंढी उतरली.

बँडवाल्याचा सूर तुटला. मग एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला, आणि हसू मंडपभर पसरलं. नवरदेव उतरला, काखेत कोकरू, फेटा कानावर. ओवाळणाऱ्या बाईनं त्याला ओवाळलं, जरा थांबली, आणि कोकरालाही कुंकू लावलं. बायडाबाईला कुणीतरी आचाऱ्याच्या चुलीपाशी नेलं. तिथं कोकरं एकेक करून डोळे उघडायला लागली.

राजेश्वर गर्दीतून आला तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. रुद्राणी गाडीला टेकून उभी होती. कुणीतरी टाकलेल्या अक्षता बॉनेटवर विखुरल्या होत्या, आणि बॉनेट देवीचे वण पडलेल्या चेहऱ्यासारखं खळग्याखळग्यांचं झालं होतं. राजेश्वरनं वाकून हात फिरवला. पुढून मागं, टपावरून, डिकीवरून. डिकीच्या कडेला लोकर चिकटली होती.

“ओरखडा म्हणलं होतं मी,” तो टायरकडं बघत म्हणाला.

“गारा हायत, भाऊजी.”

“दिसतंय.”

तिनं अजून काही सांगितलं नाही. सांगायला गेली असती तर ते गाऱ्हाणं झालं असतं. पण तोवर चुलीपासून बंकटमामा चहाचा कप घेऊन आला होता.

“शेठ, तुमची भावजय वाण्याची न्हाई वाटत. मी घाटात नारळ फोडायला निघालो होतो, तिनं मेंढरं भरली. म्हणती, हिचे बैल मागं हायत! पोराच्या धाकट्या भावाचं लग्न बैशाखात हाय. हीच गाडी. आन् हीच बाई. खळगे बुजवू नका हां, लोकास्नी दावायचेत.”

राजेश्वर पुन्हा बॉनेटवर वाकला. एका खळग्यात अडकलेला तांदळाचा दाणा त्यानं नखानं काढला, बोटांत धरून बघितला, टाकला. आयुष्यभर वजनं केलेला माणूस. डिकी उघडून तो आतल्या मोकळ्या जागेकडं बघत राहिला, जणू तिथं काय किती बसेल याचा अंदाज घेत होता.

“मेंढरं काय दर वेळी मिळत न्हाईत,” शेवटी तो म्हणाला. “दुकानामागं रिकामी पोती पडल्यात. वाळू भरून ठिवतो. पावसाळ्यात घाट निसरडा असतोय.”

आणि डिकी बंद करून तो जेवणाच्या पंगतीकडं गेला.

दिवेलागणीला फोन आला. रुद्राणीच्या हाताला पीठ होतं, फोन डब्याला टेकवलेला, केसांना अजून मेंढ्यांचा वास येत होता.

“आज लई पडलाय हितं,” गुरुपाद म्हणाला. “कमरेएवढा. सांगू का?”

“थांबा वो,” ती म्हणाली, आणि भाकरी उलटली. “आज मी सांगते.”